अडीचशेचा शब्द

दसऱ्याच्या दुपारी पानं वाढलेली असताना फोन वाजला. सुट्टी असूनही कामावर आलेल्या, एक्स्पोर्टचं काम पाहणाऱ्या मॅडम होत्या. "सर, जर्मनीहून सुधारित ड्रॉइंग पाठवलंय म्हणतात, इथे काहीच आलेलं नाही. आणि मी पाठवलेला मेल आउटबॉक्समधून हलत नाहीये."

त्यांच्या दोन वाक्यांतच निदान होतं. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही, आणि दोन्ही एकाच वेळी सुरू झालं. अशा वेळी एक तर लाइन गेलेली असते, नाहीतर डिस्क भरलेली असते. मी घरून सर्व्हरवर लॉगिन करू शकलो, म्हणजे लाइन ठीक होती. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ ही कमांड दिली. व्हार नावाच्या पार्टिशनसमोर शंभर टक्के असा आकडा होता.

भोसरी एमआयडीसीतल्या एका यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यात मी तेव्हा मेल सर्व्हर सांभाळत होतो. 220 मेलबॉक्स, 80 जीबीची एक डिस्क, लिनक्स आणि त्यावर मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स हा प्रोग्रॅम. मेलबॉक्स, लॉग आणि वाटेतल्या मेलची रांग, जिला आम्ही क्यू म्हणतो, हे सगळं त्या एकाच व्हारमध्ये. तिघांचा संसार एका खोलीत. एकाने पाय पसरले की बाकीच्या दोघांना बसायलाही जागा नाही.

पाय कोणी पसरले ते लगेच कळलं. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. लेथ, मिलिंग, सीएनसी सगळी मशीनं पुसून, त्यांना झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू वाहून पूजा झाली होती, आणि प्रत्येक विभागाने आपापल्या पूजेचे फोटो सगळ्यांना पाठवले होते. फोटो साधारण 6 एमबीचे. मेलमधून जाताना जोडलेली फाइल अक्षरांच्या रूपात बदलावी लागते, तीन बाइटचे चार होतात, म्हणून 6 चे 8 एमबी झाले. क्यूमध्ये अशा मेलची एकच प्रत असते, पण वाटप झालं की 220 मेलबॉक्समध्ये 220 प्रती. एका विभागाचे झाले पावणेदोन जीबीच्या वर. विभाग नऊ. जवळजवळ 16 जीबी हवे होते, आणि डिस्कवर मोकळे होते 14. दहा एमबीच्या मर्यादेच्या बाहेर कोणीही गेलं नव्हतं. कोणाची चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं.

इथे थांबून एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण त्या दुपारी मी जे केलं आणि जे केलं नाही, ते तिच्यामुळे.

2003 सालचा ऑगस्ट. सोबिग-एफ नावाचा किडा जगभर मेलमधून पसरला होता. पाठवणाऱ्याचा पत्ता तो खोटा लावायचा. आमच्या अँटिव्हायरसमध्ये 'पाठवणाऱ्याला कळवा' अशी सोय चालू होती, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक किड्यामागे आमचा सर्व्हर कुठल्यातरी बिचाऱ्या भलत्याच माणसाला 'तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे' असं पत्र पाठवत होता. त्यातले कितीतरी पत्ते अस्तित्वातच नव्हते, आणि उरलेल्यांचे सर्व्हर त्या आठवड्यात स्वतःच गुदमरले होते. ती पत्रं आमच्याच क्यूमध्ये साचत गेली. अकरा हजारांच्या वर. डिस्क भरली, साहेब मागे उभे, फोन खणखणतोय. मी वरची दोन-तीन पानं पाहिली, सगळी तीच पत्रं दिसली, आणि अडकलेली अख्खी रांग एका कमांडने पुसून टाकली. पोस्टफिक्समध्ये सगळं पुसायचं तर 'ऑल' हा शब्द मोठ्या अक्षरांतच लिहावा लागतो, लहान चालत नाही. मी तो मोठ्या अक्षरांत लिहिला. दहा मिनिटांत मेल धावू लागले आणि साहेबांनी पाठ थोपटली.

आठ दिवसांनी पर्चेसच्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीकडे कास्टिंगची ऑर्डर मेलने पाठवली होती, माल आला नाही म्हणून त्यांनी फोन केला, तर फाउंड्रीवाले म्हणाले, "मॅडम, पीओ मिळालाच नाही." बाईंच्या सेंट फोल्डरमध्ये तो होता. मी लॉग काढला. फाउंड्रीच्या मेलबॉक्सनेही त्या आठवड्यात मान टाकली होती, म्हणून तो पीओ आमच्या क्यूमध्ये वाट पाहत थांबला होता. पुढच्या ओळीत माझ्या हाताने तो पुसला गेल्याची नोंद होती.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "परत आला असता तरी चाललं असतं हो. मी फोन केला असता."

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलाला ते सांगितलं आहे. मेल न पोहोचणं ही रोजची गोष्ट आहे. पत्ता चुकतो, समोरचा सर्व्हर बंद असतो, मेलबॉक्स भरलेला असतो. अशा वेळी बाउन्स, म्हणजे मेल न पोहोचल्याचं पत्र, येतो, पाठवणाऱ्याला कळतं, तो दुसरी वाट शोधतो. पण क्यूतला मेल पुसला तर बाउन्सही जात नाही. पाठवणाऱ्याच्या लेखी मेल गेलेला असतो, घेणाऱ्याच्या लेखी आलेलाच नसतो, आणि मधल्या मध्ये तो नाहीसा झाला हे सांगायला कोणी उरत नाही.

मेलचं सगळं जग एका आकड्यावर उभं आहे, तो म्हणजे 250. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा पाठवणारा पत्ते सांगतो, मजकूर देतो, आणि घेणारा शेवटी म्हणतो, अडीचशे. म्हणजे 'मिळाला, आता तो माझ्याकडे'. त्याक्षणी पाठवणारा आपली प्रत पुसून टाकतो. कारण आता जबाबदारी समोरच्याची. ही भाषा जॉन पोस्टेल यांनी 1982 च्या ऑगस्टमध्ये मांडली, आणि पुढे 1989 साली इंटरनेटच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं गेलं की एकदा मेल स्वीकारला की तो क्षुल्लक कारणाने हरवायचा नाही. यंत्र नंतर बंद पडलं हे कारण चालणार नाही, आणि आधी अंदाज करता येण्यासारखी साधनांची टंचाई हेही चालणार नाही. डिस्क भरणं ही तशीच, आधी दिसणारी टंचाई आहे. हे वाचलं तेव्हा 2003 ची माझी ती कमांड डोळ्यांसमोर आली. आपल्याकडे 'शब्द दिला' म्हणतात, तसा तो अडीचशे म्हणजे दिलेला शब्द असतो. आमच्या सर्व्हरने बाईंच्या आउटलुकला तो दिला होता, आणि मी तो मोडला होता.

पोस्टफिक्स लिहिणाऱ्या वित्से व्हेनेमा यांनी हा शब्द किती गंभीरपणे घेतला आहे ते पाहण्यासारखं आहे. मेल डिस्कवर पक्का लिहिला गेल्याशिवाय तो सर्व्हर अडीचशे म्हणत नाही. आणि जागा संपत आली की नवीन मेल घ्यायलाच नकार देतो: सर्वांत मोठ्या चालणाऱ्या मेलच्या दीडपट तरी जागा मोकळी हवी, नाहीतर उत्तर येतं 452, म्हणजे साठवायला पुरेशी जागा नाही. या 452 मधला पहिला 4 फार मोलाचा. चाराने सुरू होणारा नकार तात्पुरता असतो: आत्ता नाही, नंतर या. पाचाने सुरू होणारा कायमचा, तो मेल लगेच परत जातो. पोस्टेल यांनी हे चार आणि पाच 1982 च्या त्या मसुद्यातच वेगळे ठेवले होते.

त्या दसऱ्याच्या दुपारी आमचा सर्व्हर जगाला 452 सांगत होता. ही घाबरण्याची गोष्ट वाटते, पण तीच माझी सर्वांत मोठी सोय होती. जर्मनीचा तो मेल हरवलेला नव्हता. तो जर्मनीतल्या सर्व्हरच्या क्यूमध्ये, त्यांच्या डिस्कवर, त्यांच्या जबाबदारीत शांतपणे थांबला होता आणि थोड्या थोड्या वेळाने आमचं दार वाजवून जात होता. पोस्टफिक्स स्वतः असा अडकलेला मेल आधी पाच-पाच मिनिटांनी आणि मग वाढवत तासाभराच्या थोडं वर इतक्या अंतराने पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो, आणि पाच दिवस हे करत राहतो. सगळे इतके थांबत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरची मूळ मुदत दोन दिवसांची आहे. पण दोन दिवस म्हणजेसुद्धा 48 तास, आणि मला हवे होते चार-पाच. मॅडमना फोन करून सांगितलं, "जर्मनीवाल्यांना म्हणा, पुन्हा पाठवू नका. आहे तोच येईल."

हे 'पुन्हा पाठवू नका' महत्त्वाचं आहे. अडलेल्या रांगेत लोक तोच मेल तीन-तीनदा पाठवतात, आणि दार उघडलं की तिन्ही आत येतात.

आता आतलं बघायचं. भरलेल्या डिस्कची सर्वांत वाईट खोड अशी की तिथे लॉगही लिहिला जात नाही. सर्व्हर काय करतोय हे सांगणारी वहीच बंद. म्हणून पहिलं काम थोडी हवा मिळवणं. 2003 नंतर मी एक सवय लावून घेतली होती: व्हारमध्ये 2 जीबीची एक फाइल ठेवून द्यायची, जिचा जागा अडवण्यापलीकडे काही उपयोग नाही. आजी तांदळाच्या डब्याच्या तळाशी नोटा ठेवायची, तसं. ती फाइल पुसली आणि लॉग पुन्हा बोलू लागला. पण तेवढ्याने दार उघडून चालणार नव्हतं. अडकलेल्या पूजेच्या मेलचं वाटप ते 2 जीबी तासाभरात खाऊन टाकणार होतं.

म्हणून दुसरं काम ते मेल बाजूला काढणं. क्यूची यादी काढली. चारशेच्या आसपास मेल अडकले होते. या वेळी वरची दोन-तीन पानं पाहून मी थांबलो नाही. सगळी यादी वाचली, ओळ न ओळ. किती वाजता आला, कोणाकडून, कोणाला, का थांबला. अर्धा तास गेला असेल. सासऱ्यांनी मध्ये येऊन श्रीखंडाची वाटी टेबलावर ठेवली. पूजेच्या फोटोंचे, अर्धवट वाटले गेलेले दोन मेल सापडले, टूलरूमचे आणि मेन्टेनन्सचे. ते पुसले नाहीत, होल्डवर टाकले. होल्ड म्हणजे मेल रांगेतच राहतो, पण त्याला कोणी हात लावत नाही. माझ्या मते या कामातली ही सर्वांत सुंदर सोय आहे. निर्णय घ्यायची घाई नसते, आणि कोणाचं काही जातही नाही.

मग टूलरूमच्या साहेबांना फोन केला. "साहेब, तुमच्या पूजेचा मेल निम्म्या लोकांना गेलाय, निम्म्यांचा मी अडवून ठेवलाय. उद्या सोडतो, चालेल का?" ते म्हणाले, "अहो, त्याचं काय एवढं, उद्या सोडा." एवढंच हवं होतं. पण विचारायला हवंच होतं, कारण तो मेल त्यांचा होता.

तिसरं काम, जागा खरोखर कुठे गेली ते शोधणं. इथे मला एक जुना चकवा भेटला. फोल्डरची बेरीज करणारी डीयू कमांड एक आकडा सांगत होती आणि डीएफ त्याहून 4 जीबी जास्त भरल्याचं सांगत होती. युनिक्समध्ये फाइल पुसली तरी एखादा प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल तर जागा सुटत नाही. नाव यादीतून जातं, जागा अडलेलीच राहते. कोणीतरी अँटिव्हायरसची वाढलेली लॉग फाइल पुसली होती आणि अँटिव्हायरस तिला धरून बसला होता. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, 4 जीबी मोकळे झाले. नवख्या माणसाचा इथे अख्खा दिवस जातो. पुसत जातो, पुसत जातो आणि शंभर टक्के शंभरच राहतात. तेव्हा हात आणखी मोठ्या गोष्टींकडे वळतो, आणि तिथेच घात होतो.

जुने लॉग दुसऱ्या यंत्रावर हलवले, आणखी 3 जीबी सुटले. क्यूमधले लहान मेल एकेक करून निघू लागले. सात वाजायला आठ मिनिटं असताना जर्मनीचं ड्रॉइंग आलं. मेलच्या वर चिकटलेले शिक्के, म्हणजे हेडर, खालून वर वाचायचे असतात. खालचा सर्वांत जुना. जर्मनीच्या सर्व्हरचा शिक्का आपल्या वेळेनुसार दुपारी 1:40 चा, आमचा संध्याकाळी 6:52 चा. मधले पाच तास बारा मिनिटं तो परक्याच्या डिस्कवर सुखरूप होता.

एक जागा मात्र अशी होती की जिथे कोणी थांबलं नव्हतं. आमची ईआरपी प्रणाली माल निघाला की ग्राहकाला डिस्पॅचची सूचना मेलने पाठवायची. ती माणसासारखी आउटबॉक्स ठेवत नव्हती. एकदा मेल पुढे ढकलायचा, नकार आला तर गप्प बसायचं. नकार 452 आहे की काय, हे वाचायचीच तिला सोय नव्हती. खंडेनवमीच्या संध्याकाळी निघालेल्या मालाच्या तीन सूचना अशा गेल्या होत्या. त्या क्यूमध्ये नव्हत्या, बाउन्समध्ये नव्हत्या, कुठेच नव्हत्या. डिस्पॅचच्या काकांना फोन करून चलनं वाचून घेतली आणि तिन्ही ग्राहकांना मी हाताने मेल केले. मेल पाठवणारा प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: समोरून आलेला आकडा वाचा. तो अडीचशे नसेल तर मेल गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आली आणि क्यूला तिच्यावर स्वतःचं वेगळं पार्टिशन दिलं. हे स्थलांतर दिसतं तितकं सोपं नसतं. पोस्टफिक्समध्ये क्यूतल्या मेलचं नाव डिस्कवरच्या त्याच्या इनोड क्रमांकावरून पडतं. नव्या डिस्कवर कॉपी केली की क्रमांक बदलतात, नावं जुनीच राहतात, आणि उद्या एखाद्या नव्या मेलला तेच नाव मिळून दोघांची गाठ पडायचा धोका असतो. म्हणून आधी पोस्टफिक्स बंद करायचा, मालकी आणि परवानग्यांसह सगळं कॉपी करायचं, मग पोस्टसुपर या पोस्टफिक्सच्याच कमांडकडून नावं नव्या क्रमांकांशी जुळवून घ्यायची, आणि त्यानंतरच सर्व्हर सुरू करायचा. त्या काळात सॉफ्ट बाउन्स नावाची सोयही मी चालू ठेवतो. तिने आपले पाचाने सुरू होणारे सगळे नकार चाराचे होतात. माझ्या हातून काही सेटिंग चुकलंच, तर लोकांचे मेल कायमचे परत जायच्या ऐवजी थांबतात, आणि मला चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो.

एक बदल मी 2003 मध्येच केला होता. पोस्टफिक्स मुळात उशिराची सूचना देत नाही. पाच दिवस गप्प प्रयत्न करतो आणि मग मेल परत पाठवतो. ही गोष्ट मला पटत नाही. पाच दिवसांत फाउंड्रीतलं कितीतरी ओतकाम होऊन जातं. म्हणून चार तासांची सूचना चालू केली: मेल चार तास अडला की पाठवणाऱ्याला पत्र जातं की अजून पोहोचलेला नाही, प्रयत्न चालू आहे. पर्चेसच्या त्या बाई निवृत्त होईपर्यंत अशा सूचना आल्या की लगेच फोन उचलायच्या.

होल्डवरचे टूलरूमचे आणि मेन्टेनन्सचे फोटो मी नव्या डिस्कवरून सकाळी 11 वाजता सोडले. उरलेल्या सगळ्यांना मिळाले. पुढच्या वर्षीपासून पूजेचे फोटो फाइल सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये जाऊ लागले आणि मेलमधून फक्त फोल्डरचा पत्ता.

वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना सर्व्हर सांभाळायचा नसतो, मेल पाठवायचा असतो. त्यांना एक सांगतो. तुमच्या पेटीत मेलर-डीमनच्या नावाने इंग्रजीतलं लांबलचक पत्र आलं तर ते कचरा समजून पुसू नका, पहिल्या चार ओळी वाचा. मेलला उशीर होत आहे असं लिहिलं असेल तर तो अजून कोणाच्या तरी हातात आहे, पुन्हा पाठवू नका. काम निकडीचं असेल तर समोरच्याला फोन करून कल्पना द्या. मेल पोहोचवता आला नाही असं लिहिलं असेल तर तो आता कोणाकडेच नाही. तेव्हा कारण वाचा, पत्ता तपासा, आणि समोरच्या माणसाला त्याच दिवशी फोन करा.